डेंग्यूच्या साथीत आशाताईंना खरी मदत कशी करायची
पावसाळ्यात डेंग्यू वाढला की आशाताई आणि फवारणीवाले दारोदार फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवू नका प्लीज, आत घ्या आणि टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे सगळं दाखवा. अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा पाणी साठणारी भांडी घासून कोरडी करा, त्यांचं बरंच काम हलकं होतं. ताप लपवू नका. पाणी द्या, आणि बाथरूम वापरायचंय का ते आपणहून विचारा, दिवसभर फिरणाऱ्या बायकांची ही फार मोठी अडचण असते. २०२० मध्ये थाळ्या वाजवल्या ते ठीक, पण आशांना पगार नसतो, मानधन असतं, ते थकलं आणि त्या मोर्चाला निघाल्या तर ट्रॅफिकवरून चिडण्याऐवजी आमदाराच्या ऑफिसात फोन करून विचारा की पैसे कधी देताय.