‘पण हे खरंच घडलंय!’ : खलनायक लिहिताना या चुका टाळा

मसुदा वाचून कुणी विचारलं, ‘असं कोणी वागतं का?’ की लेखक बातमीचं कात्रण पुढे करतो. घडलेल्या गोष्टीला कुणाला पटवायचं नसतं, ती घडून मोकळी होते. कथेत ती सोय नाही.

१९२५ साली व्हिक्टर लस्टिग नावाच्या भामट्याने पॅरिसचा आयफेल टॉवर एका भंगारवाल्या व्यापाऱ्याला ‘विकला’. एवढंच लिहिलंत तर वाचक हसेल. आता तपशील बघा. टॉवरची देखभाल परवडत नाही अशी चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत होतीच. लस्टिग सरकारी अधिकारी बनून आला, व्यापाऱ्यांना बड्या हॉटेलात बोलावलं, प्रकरण गुप्त ठेवा म्हणाला. वर लाचही मागितली. लाच मागतोय म्हणजे माणूस सरकारीच, हे व्यापाऱ्याला पटलं. फसलो हे कळल्यावर अब्रूपायी तो पोलिसांतही गेला नाही. हे अचाट प्रकरण पचतं ते त्या लाचेमुळे आणि लाजेमुळे. म्हणून गुन्हा अतर्क्य वाटत असेल तर तो सौम्य करू नका. आधीच्या दोन-तीन प्रकरणांत त्याची तयारी पेरा: व्यवस्थेतली एक फट, बळी पडणाऱ्याचा एक लोभ आणि गप्प बसण्याचं कुणाचं तरी कारण.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे खलनायकाला आपण दुष्ट असल्याचं पक्कं ठाऊक असणं. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अपराधी स्वतःची समजूत कशी घालतात याचे पाच प्रकार मांडले. माझ्या हातात काही नव्हतं. कुणाचं फारसं बिघडलं नाही. त्याची तीच लायकी होती. दोष देणारे स्वतः कुठे धुतल्या तांदळाचे आहेत. आणि मी हे माझ्या माणसांसाठी केलं. आपल्या पात्राला यातला एक, फार तर दोन द्या. पाचही दिलेत तर तो वकील वाटायला लागतो. मग त्याच्याकडून पानभर खुलासा लिहून घ्या, प्रथमपुरुषी. पान कादंबरीत घालायचं नाही. त्यातली दोन वाक्यं संवादात वापरायची.

समजा, एक हिशेबनीस वृद्धांच्या ठेवी लाटतो. पहिल्या मसुद्यात तो एकटाच पुटपुटतो, ‘या म्हाताऱ्यांना कळणारही नाही!’ हे खोडा. त्याऐवजी:

‘आजी, आधी चष्मा लावा. घाई नाही. सही इथे... नाही, या रेघेच्या वर. पाणी देऊ?’

कागद कसला आहे हे वाचकाला मागच्या पानावर कळलेलं असलं की पुरे. इथे एकही क्रूर शब्द लागत नाही. आणि ‘तो कुत्सित हसला’ हे तर अजिबातच नको.

बालपणीच्या एका आघातावर सगळं ढकलणं हा आळस आहे. आघात असू दे, पण त्यातून आजच्या कृतीपर्यंतच्या पायऱ्या कुठे आहेत? ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेसाठी बाजारात सौदे करणाऱ्या निक लीसनने १९९२ मध्ये ८८८८८ क्रमांकाचं चुका नोंदवायचं खातं तोटा लपवायला वापरलं. तोटा भरून काढायला आणखी मोठे सौदे, ते फसले की पुन्हा लपवाछपवी. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली तेव्हा खड्डा सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंडांचा होता. तुमच्या पात्राच्या अशा चार पायऱ्या कागदावर मांडा. प्रत्येक पायरीवर परत फिरण्याची किंमत आधीपेक्षा जास्त हवी. एखाद्या पायरीवर तो सहज परतू शकत असेल, तर कथानक तिथेच गळतंय.

कधीच न चुकणारा खलनायकही नको. ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड शिपमनने कितीतरी रुग्णांचे जीव घेतले आणि वर्षानुवर्षं पचवले. अखेर अडकला तो एका ढिसाळ बनावट मृत्युपत्रामुळे. ते टाइप केलं होतं त्याच्याच टाइपरायटरवर.

खऱ्या माणसाचं फक्त नाव बदलून पात्र उभं केलं तर बदनामीच्या दाव्याची धास्ती राहतेच, शिवाय पात्रही कात्रणापुरतंच उरतं. दोन-तीन खऱ्या घटनांतून पद्धत उचला, माणूस स्वतः घडवा.

मसुदा झाला की एक तपासणी करा. खलनायकाचे गुन्ह्याचे सगळे प्रसंग बाजूला काढून उरलेलं वाचा. तो कुणाशी जेवताना बोलतो, कशावरून चिडतो, कुणाला घाबरतो, यातलं काहीच सापडत नसेल, तर असे दोन प्रसंग लिहा आणि पहिला गुन्ह्याच्या आधी घाला.