लिंबू गालावर नको, पोह्यांवर पिळा

डाळीच्या पिठात लिंबू पिळून तोंडाला चोळायची माझी जुनी सवय. एका एप्रिलमध्ये तसंच घाईत तोंड धुऊन भर दुपारी बाहेर पडले. संध्याकाळी गाल चुरचुरले, आणि दोन दिवसांनी कानाजवळ ओघळाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला. तो जायला दिवाळी आली! लिंबाच्या रसात, त्याहून जास्त सालीत, असे घटक असतात की त्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय रसाचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २, त्वचेचा ५ च्या आसपास; म्हणजे झोंबणारच. 'घरगुती' आहे म्हणून ते सौम्य, असं नसतं.

आता चेहऱ्याला चमचाभर डाळीचं पीठ नि कच्चं दूध, एवढंच. हळद चिमूटभर, तीही रविवारी, कारण उशीचे अभ्रे पिवळे होतात. पीठ वाळून तडकायच्या आधीच धुवायचं; खरवडून काढलं की त्वचा कोरडी पडते. नवीन काही लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा.

आणि लिंबू? ते पोह्यांवर, मटकीच्या उसळीवर, पालेभाजीवर. पण गॅस बंद केल्यावर पिळा, कारण उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं. हेच जीवनसत्त्व कडधान्यांतलं, पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं. पोह्यांसोबतचा चहा मात्र तासभर पुढे ढकला, तो लोह अडवतो. हे मला सगळ्यात जड गेलं.