लेकरू अंगावर पिते, मग दुखण्याची गोळी कशी घ्यायची?

सीझरचे टाके दुखतात, कंबर धरते, तरी आपल्याकडं बाळंतीण मुकाट सहन करते, काऊन की गोळी घेतली का दूध बिघडते असं घरचे म्हणतात. माझ्या वहिनीनं एका गोळीपायी दोन दिवस लेकराला पाजलंच नाही, छाती दगडासारखी भरली अन् वरून ताप आला तो वेगळाच. इतकं करायची गरजच नव्हती.

पहिले गोळीचं नाव वाचा. किराणा दुकानातली सुटी गोळी नकोच. मेडिकलवाला पट्टी कापून देतो, तेव्हा नाव अन् तारीख असलेला तुकडाच मागा आणि लेकरू अंगावर पिते हे आधीच सांगा.

मग साधं पॅरासिटामोल 500 मिलिग्रॅम घ्या. दुधात फार थोडं उतरते, तेच औषध डॉक्टर लहान बाळाच्या तापालाही देतात. दोन डोसमध्ये 6 तासाचं अंतर ठेवा, 24 तासात 4 ग्रॅमच्या (म्हणजे 500 च्या 8 गोळ्यांच्या) वर कधीच नाही, अन् वजन 50 किलोच्या आत असलं किंवा लिव्हरचा त्रास असला तर किती घ्यायचं ते डॉक्टरलाच विचारा. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामोल असते, दोन्ही मिळून डोस डबल होतो हे कोणी पाहतच नाही!

त्यानं नाही थांबलं तर आयबुप्रोफेन चालते, तेही दुधात नावालाच जाते, पण जेवून घ्या. अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा बीपी असेल तर विचारल्याशिवाय नाही, अन् पावसाळ्यात ताप असला, डेंग्यूची शंका असली तर अजिबात नाही.

डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, ते दुखण्यासाठी घेऊ नका. ट्रामाडॉल अन् कोडीन तर मनानं कधीच नाही, काही बायांच्या अंगात त्याचं लवकर अन् जास्त कडक औषध बनते, ते दुधातून लेकरात जाते अन् त्याचा श्वास मंदावू शकतो.

गोळी पाजून झाल्याबरोबर घेतली तर बरं. लेकरू दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी डॉक्टर. लेकरू उठवूनही उठत नाही, पीत नाही, अंग ढिलं पडलं, श्वास अडखळतो असं दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. बाळंतिणीला ताप, छातीत लाल दुखरी गाठ किंवा अंगावरून जाते त्याला घाण वास येत असेल तर नुसती गोळी खाऊन घरी बसू नका, आशाताईला सांगा अन् त्याच दिवशी पीएचसीत जा, गोळीची पट्टी सोबत न्या.