किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो कसे काढायचे: आधी तिथी बघा, मग कॅमेरा उचला

मी रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर जवळजवळ रोज सकाळी चालायला जातो आणि सप्टेंबर ते एप्रिल कॅमेरा सोबत असतोच. सुट्टीत आलेली माणसं तिथे दिसतात, गळ्यात चांगली लेन्स असते, पाण्याच्या कडेला मातकट रंगाचे छोटे पक्षी पळत असतात, माणूस सरळ त्यांच्याकडे चालत जातो, थवा भुर्रकन उडतो आणि फोटोत येतात सगळ्यांच्या शेपट्या. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. नंतर हळूहळू कळलं की पक्ष्याच्या मागे जायचंच नाही, पक्षी जिथे येणार आहे तिथे आपण आधी जाऊन पडायचं. आता तो कुठे येणार हे कसं ओळखायचं, तेच नीट सांगतो.

सगळ्यात आधी एक किनारा ठरवा आणि निदान एक सीझन तोच धरून ठेवा. अलिबागजवळचं आक्षी पक्षी बघणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे, आंजर्ले आहे, गुहागर आहे, गोव्यात मोरजी आहे, पण प्रसिद्ध असायलाच हवा असं नाही. तुमच्या घराजवळचा, जिथे नदी किंवा खाडी समुद्राला मिळते असा किनारा मिळाला तर उत्तम, कारण तिथे वाळू आणि चिखल दोन्ही असतात, म्हणजे खाणारे पक्षीही दोन्ही प्रकारचे येतात. भाट्याला काजळी नदीचं मुख आहे म्हणूनच माझं तिथे भागतं. रोज तिथेच गेलं की कुठल्या दगडावर समुद्री बगळा उभा राहतो, भरतीला थवा कुठे जाऊन बसतो, कुत्री कुठून येतात हे सगळं पाठ होतं. सालिम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो एकाच जागी पुन्हा पुन्हा बसूनच, आणि मला वाटतं फोटोलाही तोच नियम लागतो.

आता भरती-ओहोटी, हा भाग नीट वाचा कारण अर्धं काम इथेच होतं.

किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळ बघून जेवत नाहीत, पाणी बघून जेवतात. ओहोटीला ओली वाळू उघडी पडते, तिच्यात किडे, बारीक शिंपले, खेकडे असतात, तेव्हा सगळे खायला पसरतात. भरतीला ती वाळू पाण्याखाली जाते मग ते वर कोरड्या वाळूत दाटीवाटीने बसून आराम करतात. भरतीची वेळ काढायची जुनी रीत कोकणात बऱ्याच जणांना माहीत असते, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा. वद्य पक्षातही तसंच मोजायचं. जागेप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, मुंबईकडे भरती आमच्यापेक्षा उशिरा होते, त्यामुळे मोबाईलवर टाइडचं ॲप ठेवा आणि ताडून बघा, पण पंधरा दिवसांचं प्लॅनिंग भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका मिनिटात होतं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माझ्या आवडीचे दिवस म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यांच्या पुढचे एक-दोन दिवस. तेव्हा पहाटे ओहोटी असते आणि उजाडल्यावर पाणी चढायला लागतं, उधाण असल्यामुळे जोरात चढतं, आणि लांब पसरलेले पक्षी ते पाणी ढकलत ढकलत तुमच्याकडे आणतं. तुम्ही फक्त पाण्याच्या वरच्या अंगाला गप्प पडून राहायचं. अष्टमी-नवमीची सकाळ पण बरी, भरती नुकतीच झालेली असते आणि उतरत्या पाण्यामागे भुकेले पक्षी लगेच येतात. चतुर्थी-पंचमीला मात्र सकाळी पाणी उतरत उतरत लांब जातं आणि पक्षी पण लांब जातात, त्या दिवशी मी कॅमेरा ठेवून नुसती दुर्बीण नेतो.

सकाळच का, तर आपला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य जमिनीकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतो आणि तुमच्यासमोर पाण्याच्या कडेला उभ्या पक्ष्यावर सरळ ऊन पडतं. शिवाय हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, आणि पक्षी बसताना, उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात म्हणजे आपोआप तुमच्याकडे तोंड करतात. हे मला कळलं तेव्हा खरंच आनंद झाला होता, इतके दिवस फोटो चांगले का येत होते त्याचं कारण सापडलं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, ऊन समोरून येतं, सगळं उलटं होतं, तेव्हा फक्त काळ्या आकृत्या काढायच्या. सकाळी पण साडेनऊच्या पुढे वाळू तापली की हवा थरथरते, लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच येतो, कॅमेऱ्याचा दोष नसतो.

जवळ कसं जायचं आता. सरळ चालत जाऊ नका. थवा ज्या दिशेने खात खात सरकतोय ती दिशा पाच मिनिटं लांबून बघा, मग कोरड्या वाळूतून मोठा वळसा घालून त्यांच्या पुढे शंभर-दीडशे फुटांवर जा आणि तिथे आडवे पडा. पोटावर, कोपरं वाळूत. उभा माणूस त्यांना धोका वाटतो, पडलेल्या माणसाची त्यांना हळूहळू सवय होते. पहिली दहा मिनिटं कॅमेरा उचलू पण नका. माझ्याकडे स्वयंपाकघरातली जुनी ॲल्युमिनियमची परात आहे, तिच्यात टॉवेलची गुंडाळी ठेवतो आणि त्याच्यावर लेन्स, परात वाळूवर छान सरकते आणि कॅमेऱ्यात वाळू जात नाही. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आली की मागची वाळू आणि पाणी विरघळून जातं आणि पक्षी एकटा उठून दिसतो, वरून काढलेल्या फोटोत हे कधीच येत नाही.

पक्षी अस्वस्थ झालाय हे ओळखायला शिका. खाणं थांबवून मान ताठ करतो, डोकं वरखाली झटकतो, आराम करणारा पंख ताणतो किंवा सगळे एका दिशेला चालू लागतात, यातलं काहीही दिसलं की जिथे आहात तिथेच थांबा नाहीतर मागे सरका. लाटांच्या कडेला पळणारा छोटा सॅंडरलिंग आर्क्टिकमध्ये पिल्लं वाढवून इथे आलेला असतो आणि छोटे वाळूचे प्लोव्हर, ज्यांना आपण चिखल्या म्हणतो, ते हिमालयापलीकडून, तिबेटच्या पठारासारख्या ठिकाणांहून येतात. इथे त्यांना खाऊन चरबी साठवायची असते परतीच्या प्रवासाला, आणि ओहोटीचे काही तासच मिळतात. उडवलेला प्रत्येक थवा म्हणजे त्यांचं तेवढं जेवण गेलं आणि वर ताकद खर्च झाली ती वेगळी. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून मुलांना पळत पाठवणारे लोक मी बघितलेत, मला फार वाईट वाटतं. थांबलात तर घार येते, लाट येते, थवा आपला आपण उडतो.

कोण कसा वागतो ते कळलं की बटण कधी दाबायचं ते पण कळतं. प्लोव्हर मोठ्या डोळ्यांनी बघून शिकार करतो, पळतो, एकदम थांबतो, टोच मारतो, परत पळतो. तो थांबला की काढायचं, पळताना मागे लागू नका. सॅंडरलिंग उतरत्या लाटेमागे धावतो आणि चढत्या लाटेपुढे पळतो, तो थांबतच नाही, त्याच्याबरोबर लेन्स सरकवत सलग चार-पाच फ्रेम घ्या. त्याला मागचं बोट नसतं, ओल्या वाळूत तीनच बोटांचा ठसा दिसतो, मी नुसत्या ठशांचे पण फोटो काढतो. सुरय, म्हणजे टर्न, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सूर मारतो, ती फडफड दिसली की तयार राहायचं. कुरव, म्हणजे आपले सीगल, त्यांचे फोटो हर्णैसारख्या बंदरात सोपे पडतात, पण गाठी-फरसाण टाकून जवळ बोलवू नका, ते त्यांचं खाणं नव्हे.

सेटिंग फार गुंतागुंतीचं नको. एफ ५.६ किंवा ६.३, आयएसओ ऑटो, फोकस सतत चालणारा, प्राण्यांच्या डोळ्यावर लागणारा असेल तर तो चालू. उभ्या पक्ष्याला शटर १/५०० चालतं, धावत्याला १/१०००, उडत्याला १/२००० किंवा त्याच्या वर. लेन्स ४०० मिमी असली तर बरं, मोठ्या झूमचा साधा ब्रिज कॅमेरा पण सुरुवातीला पुरतो. खरी गडबड होते ती उजेडाच्या मोजमापात. आमच्या रत्नागिरीत एक पांढरा समुद्र आहे आणि मांडवीला काळा समुद्र, तिथली वाळू इल्मेनाइट या खनिजामुळे काळी आहे. पांढऱ्या वाळूत कॅमेरा फसतो, फोटो अंधारे काढतो, तिथे एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप वाढवा. काळ्या ओल्या वाळूवर पांढरा कुरव किंवा बगळा असेल तर उलटं, पिसं जळून नुसता पांढरा डाग होतो, तिथे तेवढंच कमी करा. दोन-चार फोटोंनंतर स्क्रीनवर पिसांच्या रेषा दिसतात का बघा, नसतील तर अजून कमी.

मोठी लेन्स नसेल तर नाराज होऊ नका, मोबाईलवर खेकडे काढा, मी अगदी मनापासून सांगतोय. बारीक खेकड्यांनी ओहोटीला वाळूच्या गोळ्यांची जी रांगोळी घातलेली असते ती सकाळच्या तिरप्या उन्हात काय दिसते. बिळापासून दोन-तीन फुटांवर मोबाईल वाळूला टेकवून व्हिडिओ चालू करून ठेवा आणि तुम्ही हलू नका, सावली बिळावर पडू देऊ नका, पाच-सात मिनिटांत तो बाहेर येतो.

सिंधुदुर्गाकडे असाल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा जा. जाळं किनाऱ्याला यायला लागलं की ब्राह्मणी घारी, कुरव, बगळे सगळे गोळा होतात आणि कॅमेऱ्याची त्यांना पर्वा नसते. पण रापणकरांना आधी विचारा, दोराच्या मध्ये उभे राहू नका, तो त्यांच्या पोटाचा धंदा आहे, आणि मासळीच्या फोटोपेक्षा आधी हातभार लावलात तर पुढच्या वेळी तेच तुम्हाला बोलावतात.

कासवांच्या पिल्लांसाठी वेळास, आंजर्ले, गुहागर. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचं काम सुरू केलं, आता उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात. दोरीच्या मागे राहायचं, फ्लॅश अजिबात नाही, मोबाईलचा टॉर्च पण नाही, पिल्लू उजेडाकडे वळतं आणि समुद्राची दिशा चुकतं. खाली बसून, लेन्स जमिनीला लावून, पिल्लू आणि त्याच्यापुढे लाट अशी फ्रेम धरा. रात्री अंडी घालायला आलेली मादी दिसली तर फोटो विसरा, लांब थांबा आणि गावातल्या कासवमित्राला कळवा.

स्वतःची काळजी म्हणजे चढत्या पाण्याकडे पाठ करून पडू नका आणि खाडीच्या तोंडाशी चिखलात एकटे शिरू नका, तिथे पाय रुततो आणि पाणी मागून भरतं. आधी गावातल्या माणसाला विचारा, ते सांगतील कुठे जायचं नाही.

घरी आलात की लगेच कॅमेरा आणि लेन्स गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. कोरडं फडकं आधी फिरवलं तर मिठाचे कण घासले जातात. लेन्स किनाऱ्यावर बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. माझी एक झूम लेन्स वाळूच्या कणांनी करकर वाजायला लागली ती अशाच एका सकाळी.

मग वहीत तारीख, तिथी, पाणी चढतं की उतरतं, कुठला पक्षी किती, एवढं लिहा, ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकलीत तर अजून छान, ती इतरांच्या पण कामी येते. मार्च-एप्रिलच्या नोंदी जास्त मन लावून करा, तेव्हा वाळूचे प्लोव्हर छातीवर विटकरी रंग चढवतात, कुरवांची डोकी काळपट-तपकिरी होतात आणि ते निघायच्या तयारीत असतात. सगळे फोटो एकदा पायांकडे झूम करून तपासा. कधीतरी एखाद्याच्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी दिसते. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेलं ऑलिव्ह रिडले कासव २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलं ते त्याच्या टॅगच्या नंबरामुळेच ओळखलं. कडं दिसलं तर ते कुठल्या पायाला आहे, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं कोणती हे लिहून मूळ फोटो क्रॉप न करता बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत जाऊन बाकीची अक्षरं वाचता येतात का बघा.