काळुंदराची खवलं काढू देऊ नका

म्हापशाच्या बाजारात मासा पसंत केला की मावशी लगेच कोयता घेऊन खवलं काढायला बसते. अभ्यासासाठी काळुंदर, म्हणजे अंगावर मोत्यासारखे ठिपके असलेला मचूळ पाण्यातला मासा, घेत असाल, तर तिला आधी थांबवा. खवलं, पर, शेपूट, सगळं शाबूत हवं. मग विचारा, कुठचा? "मानशीचो" असं उत्तर आलं तर कुठल्या गावची मानस (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं बांधाचं दार), तेही विचारा. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांना पहिला धडा हाच देते, की ठिकाण माहीत नसलेला मासा जेवणाला चालेल, अभ्यासाला नाही.

घरी आल्यावर सगळ्यात आधी चिठ्ठी लिहा: तारीख, गाव, पाणी खारं की मचूळ, जाळं कुठलं. पेन्सिलीनंच लिहा. शिकत असताना मी बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलच्या बरणीत टाकली होती. दोन महिन्यांनी पाहिलं तर मासा तसाच होता आणि कागद कोरा. त्या माशाचं मला अजून वाईट वाटतं.

मग मासा धुऊन, डोकं डावीकडे करून ठेवा, पर टाचण्यांनी पसरा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि फोटो काढा. उशीर नको. अंगावरचे मोत्यासारखे ठिपके बघता बघता फिके पडतात. पुढची सगळी कापाकापी उजव्या बाजूनं करायची. डावी बाजू अखंड ठेवण्याची रीत जगभरच्या संग्रहालयांत आहे, म्हणून कुठल्याही दोन माशांची तुलना करता येते.

आता मोजणी. पाठीवरच्या परात आधी टणक काटे लागतात, साधारण 18-19, आणि त्यांच्यामागे 14-15 मऊ काड्या. पोटाखालच्या मागच्या परात काटे 12-13. बोट सावकाश फिरवा, काटे टोचतात. 1790 मध्ये बर्लिनच्या मार्कुस ब्लोखनं या माशाचं वर्णन केलं. आजही नवी जात ठरवताना अशी मोजणी लागतेच.

नाकपुड्या भिंगातून बघा. बहुतेक हाडांच्या माशांना प्रत्येक बाजूला दोन भोकं असतात, काळुंदराला एकच. मग घसा उघडा. कल्ल्यांच्या मागे खालच्या बाजूला दातांनी भरलेलं एक तिकोनी हाड सापडेल. तो दुसरा जबडा. दोन हाडं जुळून एक झालेली आहेत. कोमट पाण्यात मांस सुटू द्या आणि हाड तळहातावर घ्या. आफ्रिकेतल्या तळ्यांत सिक्लिड माशांच्या शेकडो जाती झाल्या, त्यांच्या घशातही हाच जबडा आहे. आपलं काळुंदर त्यांचंच भावंड. मला हे हाड दाखवताना दरवर्षी नव्यानं आनंद होतो.

मासा टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये घालणार असाल, तर त्याआधी उजव्या बाजूचा मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कारण फॉर्मॅलिननं डीएनए बिघडतो. जात ओळखायला प्रयोगशाळेत सीओआय जनुकाची सुमारे 650 अक्षरं वाचतात. वंशवृक्ष मांडायला मात्र अनेक जनुकं घेतात, आणि काळ ठरवायला जीवाश्म.

इथेच खरा वाद आहे. काळुंदर आणि त्याची भारतातली भावंडं सोडली, तर त्यांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यामुळे काहींच्या मते यांचे पूर्वज जमिनीबरोबरच इकडे आले. पण सिक्लिडांचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म टांझानियातले, सुमारे 4.6 कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, हे मासे नंतर समुद्र ओलांडून आले. माझा कल पहिल्या बाजूला आहे. तरी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, मचूळ पाण्यात खुशाल वाढणारं काळुंदर बघितलं, की दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला सहज खोडता येत नाही.