फोटोंचं बिऱ्हाड विंडोजमधून लिनक्सवर

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि माझा जुना पीसी काही ११ घेईना. म्हणून लिनक्स. फोटो नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) होते, ते तिथेच राहणार. हलवायची होती माहिती: रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोर रंगाने माखलेला कोणता चेहरा कोणाचा, हे मी डिजीकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग केलं होतं. इंदूरच्या गेरचे फोटो नंतर आईलासुद्धा ओळखता येत नाहीत!

आधी नॅसची एक प्रत यूएसबी डिस्कवर घ्या. मग विंडोजवर असतानाच डिजीकॅमच्या सेटिंग्जमध्ये टॅग, तारे, कॅप्शन नि चेहरे फोटोंच्या फायलीतच लिहायला सांगा, रॉसाठी (कॅमेऱ्याच्या कच्च्या फायलींसाठी) एक्सएमपी साइडकार, म्हणजे शेजारी ठेवलेली माहितीची छोटी फाइल, निवडा आणि मेंटेनन्समधून डेटाबेसकडून (डिजीकॅमच्या स्वतःच्या नोंदवहीकडून) फोटोंकडे सिंक चालवा. मी सुरू करून सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गेलो, भुट्ट्याचा कीस खाऊन परतलो, तरी अर्धंही झालं नव्हतं.

लिनक्सवर सीआयएफएस-युटिल्स (नेटवर्कवरचे फोल्डर जोडायचं पॅकेज) टाका, एफस्टॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फायलीत) नॅसचा शेअर, म्हणजे फोटोंचा फोल्डर, एकाच जागी कायमचा माउंट करा (जोडा). यूआयडी (लिनक्समधला वापरकर्त्याचा क्रमांक) स्वतःचा द्या, नाहीतर फोटो दिसतील पण त्यात लिहिता येणार नाही. 'नोफेल' हा पर्यायही जोडा, नॅस बंद असला तरी पीसी सुरू होतो.

आता डिजीकॅममध्ये तो फोल्डर नेटवर्क शेअरवरचा संग्रह म्हणून जोडा. डेटाबेस मात्र पीसीच्याच डिस्कवर. हा डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइट प्रकारची फाइल, ती नेटवर्कवर बिघडू शकते. मी शहाणपणा करून नॅसवर ठेवली होती, दोन संध्याकाळी वाया गेल्या.

शेवटी फोटोंची संख्या दोन्हीकडे जुळवा. माझे तीन कमी भरले, व्हिडिओ निघाले.