आधी टिकू दे, मग पौष्टिक बघू: शाकाहारी गरोदरपणातली मळमळ आणि जेवण

तुपात तडतडणाऱ्या जिऱ्याचा वास मला लहानपणापासून प्रिय. दिवस राहिल्यावर सातव्या आठवड्यात त्याच वासाने मी बेसिनकडे धावले आणि पुढचा दीड महिना स्वयंपाकघराचं दार लोटून बाहेरच्या खोलीत चुरमुरे चघळत काढला. घरी येणारं प्रत्येक माणूस सांगायचं, "आता दोन जिवांचं खायला हवं." इथे एका जिवाचं पोटात ठरत नव्हतं!

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनातून काढून टाका. पहिल्या तीन महिन्यांत जास्त खायची गरज नसते. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस बाळ जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशींत गरोदर बाईसाठी वाढीव प्रथिनं सांगितली आहेत, तीसुद्धा दुसऱ्या तिमाहीपासून. तोवर काम एकच: जे जाईल ते खायचं आणि अंगात पाणी टिकवायचं. ताटाची चिंता चौथ्या महिन्यात करू.

आधी कॅलेंडर बघा

मळमळ बहुधा शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात कळस गाठते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांत ओसरते. काही जणींना विसाव्या आठवड्यापर्यंत सोसावी लागते. ती फक्त सकाळीच होते असंही नाही. माझी संध्याकाळी सहाला, दिवेलागणीच्या वेळी हजर व्हायची. कारणांबद्दल पूर्वी बरंच काही बोललं जायचं, अगदी "मनाचे खेळ" इथपर्यंत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. गर्भ आणि वार ते तयार करतात, आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्याची अचानक वाढ जास्त बाधते. तेव्हा "आम्ही नाही का केलं सगळं, उलट्या करत करत" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. प्रत्येकीचं शरीर वेगळं.

रात्रीच उशाशी डबा ठेवा

रिकामं पोट हा मळमळीचा सगळ्यात मोठा मित्र. झोपताना उशाशी एक छोटा डबा ठेवा: चुरमुरे, साळीच्या लाह्या, खाकरा, टोस्ट, भाजलेले पोहे, काहीही कोरडं आणि वास नसलेलं. जाग आली की पडल्या पडल्याच चार घास चावून खा, पंधरा-वीस मिनिटं तशाच पडून राहा, मग कुशीवर वळून हळू उठा. रात्री मध्येच जाग आली तरी दोन घास पोटात जाऊ द्या. जैन घरात चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्या-पिण्याचा नियम, पाळत असाल तर सूर्यास्त ते सकाळ हे अंतर फार मोठं होतं. या दिवसांत त्यातून सवलत घेता येईल का, हे घरच्या मोठ्यांशी आणि महाराजसाहेबांशी बोलून घ्या.

उठल्या उठल्या चहा नको. सवय मोडणं जड जातं, मला कळतं, पण अनशेपोटी चहा म्हणजे उलटीला आमंत्रण. दात थोड्या वेळाने घासा, फेस कमी होणारी पेस्ट वापरा आणि जीभ फार मागपर्यंत खरवडू नका.

वासांची यादी करा आणि त्यांना घराबाहेर काढा

दोन दिवस नीट लक्ष ठेवलं की कळतं, नेमकं काय बाधतं ते. माझ्या यादीत फोडणी, कुकरचं झाकण उघडतानाची वाफ, फ्रिजमधली चिरलेली कोबी आणि नवऱ्याचा शेव्हिंग फोम होता. गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, म्हणून जेवण कोमट किंवा गार झाल्यावर खा. गार दहीभात ज्या दिवशी पोटात राहतो त्या दिवशी वाफाळलेली आमटी राहीलच असं नाही.

स्वयंपाक दुसऱ्या कुणी केला तर उत्तम. नवऱ्याला फोडणी घालायला शिकवण्याची ही चांगली संधी आहे. एक-दोनदा मोहरी जळेल, जळू द्या, फक्त एक्झॉस्ट चालू आणि दार बंद. एकत्र कुटुंबात आठ माणसांचा स्वयंपाक अंगावर असेल तर मात्र हे सांगायलाच संकोच वाटतो. तिथे "मला होत नाही" म्हणण्यापेक्षा काम बदलून मागितलं तर जास्त जमतं: "आई, फोडणी तेवढी तुम्ही घाला, मी भाजी निवडून, कणीक मळून देते." पंख्याखाली बसून निवडायला वास येत नाही. नाकाशी धरायला अर्धं कापलेलं लिंबू जवळ ठेवा.

दर दीड-दोन तासांनी चार घास

तीन वेळा पोटभर जेवण हे सध्या विसरा. पोट पूर्ण रिकामं होऊ द्यायचं नाही आणि गच्चही भरायचं नाही. बहुतेकींना जे सोसतं ते असं: मऊ भात आणि मेतकूट, तांदळाची मीठ घातलेली पेज आणि लिंबाचं जुनं लोणचं, बिनफोडणीची मुगाच्या डाळीची खिचडी, इडली, गार ज्वारीची भाकरी आणि दही, उकडलेला बटाटा मीठ-लिंबू लावून, राजगिऱ्याचा लाडू. खिशात-पर्समध्ये फुटाणे ठेवा. निव्वळ बिस्किटांपेक्षा फुटाण्यांनी पोट जास्त वेळ शांत राहतं, हा माझा अनुभव. तळलेलं आणि तेलकट टाळलेलं बरं. आठ दिवस फक्त दहीभात आणि केळं गेलं तरी बाळाचं काही बिघडत नाही.

डोहाळे लागले की हवं ते खा, पण एक अपवाद आहे. खडू, पाटीची पेन्सिल, भाजलेली माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. अशी इच्छा बरेचदा लोहाच्या कमतरतेशी जोडलेली असते.

पाणी घोटाघोटाने, जेवणासोबत नाही

पेलाभर पाणी एका दमात प्यायलं की ते तसंच परत येतं. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून दोन-दोन घोट घ्या. साधं पाणी नकोसं झालं असेल तर कोकमाचं पाणी, मीठ घातलेलं लिंबू सरबत, पातळ ताक, नारळपाणी. आमसुलं भिजवून त्या पाण्याचे बर्फाचे खडे करून ठेवले आणि चघळले, तर पाणीही जातं आणि तोंडाची कडवट चवही. उलट्या जास्त असतील तर ओआरएस. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसं चाललंय.

आल्याचा थोडाफार उपयोग होतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. तिथे साधारणपणे दिवसाला एक ग्रॅम सुंठ वापरलेली असते, म्हणजे छोटा अर्धा चमचा. आल्याचा तुकडा सैंधव लावून चघळा किंवा आलेपाकाची वडी तोंडात ठेवा. काढे मात्र उकळू नका. "नैसर्गिक" म्हणून घेतलेलं सगळंच गरोदरपणात चालतं असं नाही.

उलटीनंतर लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा.

गोळ्यांचं वेळापत्रक

फॉलिक ॲसिडची गोळी सोडायची नाही. बाळाचा मेंदू आणि मणका घडण्याचे दिवस हेच असतात. सकाळी जात नसेल तर रात्री झोपताना घ्या. लोहाच्या गोळीने मात्र मळमळ वाढते; तुम्हाला ती आधीच सुरू केली असेल आणि सोसत नसेल तर ती पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सरकारी कार्यक्रमातही लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासूनच सुरू होते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, किमान १८० दिवस. त्याच सुमारास कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतलं की लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी आणि चहा यांच्यातही किमान एक तास.

उलटीवरचं औषध घेतलं तर बाळाला त्रास होईल, या भीतीने कितीतरी जणी विनाकारण सोसतात. डॉक्सिलामिन हे औषध आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी कित्येक दशकं वापरात आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ती सर्रास देतात. झोप येते, हा तिचा मुख्य त्रास. दुकानातून परस्पर आणू नका, पण डॉक्टरांनी दिली तर ड्रॉवरमध्येही ठेवून देऊ नका. मी ती आठ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली होती. ते आठ दिवस फुकट गेले.

चौथा महिना: आता ताटाकडे बघा

एके दिवशी सकाळी उठता आणि लक्षात येतं की भूक लागली आहे, खरीखुरी. आता शाकाहारी ताटात जे राहून जातं त्याकडे लक्ष द्यायचं.

सगळ्यात आधी बी-१२ जीवनसत्त्व, कारण ते भाज्या-डाळींत नसतंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यात दर तीन आयांमागे जवळपास दोघींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. आईचं बी-१२ कमी आणि फॉलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जास्त असेल, तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे फॉलिकची गोळी चालू आहे एवढ्यावर समाधान मानायचं नाही. पहिल्या रक्ततपासणीत बी-१२ बघायला सांगा आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्या. दूध, दही, ताक, पनीर रोज हवंच, पण एकदा कमी झालेलं बी-१२ नुसत्या दुधाने भरून निघत नाही. दूधही न घेणाऱ्या वीगन बाईला पूरक गोळीशिवाय पर्याय नाही.

मग प्रथिनं. एरवी बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात, दुसऱ्या तिमाहीत त्यात साडेनऊ आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर. आकड्यांनी घाबरू नका. मूठभर कोरडी डाळ किंवा कडधान्य, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, सात ग्रॅम देतं. तेवढेच शेंगदाणे देतात. पेलाभर दूध सहा-सात, ५० ग्रॅम पनीर नऊच्या आसपास आणि ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स तब्बल १५. आपल्याकडे डाळीचं पाणी प्यायची रीत आहे. डाळ खाली राहते आणि पाणी पोटात जातं. आमटी घट्ट करा. दुपारी मटकीची उसळ, संध्याकाळी थालीपीठ आणि दही, रात्री पिठलं किंवा पनीर असं झालं की बेरीज जमून येते.

लोहासाठी मोड आलेली कडधान्यं, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या. त्यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, म्हणून उसळीवर लिंबू पिळायचं, जेवणात आवळा किंवा पेरूची फोड ठेवायची. भाजी लोखंडी कढईत करा. जेवणावर लगेच चहा घेतला की ही सगळी मेहनत पाण्यात. पालकावर फार भिस्त ठेवू नका, त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही.

कॅल्शियमला नाचणी उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमहून जास्त असतं, तेव्हा आंबील किंवा भाकरी जे आवडेल ते. तिळाची चटणी रोज चमचाभर. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ मिळतं.

उपास

मळमळीच्या दिवसांत संकष्टीचा चंद्रोदयापर्यंतचा उपास करू नका, पोट रिकामं राहिलं की सगळं मुसळ केरात. नंतरही करायचाच असेल तर साबुदाण्यावर दिवस काढण्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, दही, दूध, फळं, आणि तेही दर दोन तासांनी. उपासाचं सैंधव बहुधा आयोडीनयुक्त नसतं. पोटातल्या बाळाला आयोडीन लागतं, म्हणून एरवीच्या जेवणात साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा.

टाळायचं ते थोडकंच

न तापवलेलं दूध, कच्ची मोडाची कडधान्यं (वाफवली की चालतात), न धुतलेल्या पालेभाज्या आणि कोशिंबिरी, कच्ची पपई. पिकलेल्या पपईवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही, दुसरी फळं आहेत की. चहा-कॉफी मिळून दोन-तीन लहान कप. अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी ठेवतात, ते तसेच ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

२४ तास पाणीसुद्धा टिकत नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद होतेय, उठताना चक्कर येते, उलटीत रक्त दिसतं, ताप किंवा पोटात जोराचं दुखतं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा. विसाव्या आठवड्यानंतर उलटीसोबत डोकं खूप दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, ते रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर करा. आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे ५५ किलोच्या बाईचं पावणेतीन किलो, तर ही साधी मळमळ नव्हे. सलाईन लागू शकतं. जाताना एका कागदावर लिहून न्या: दिवसातून किती उलट्या, शेवटचं काय टिकलं आणि कधी, लघवी किती वेळा, कोणत्या गोळ्या चालू आहेत. दवाखान्यात पोचेपर्यंत यातलं काही आठवत नाही, आणि सोबत आलेली सासू किंवा आई "अगदी काही म्हणजे काही खात नाही हो ती" एवढंच सांगते.